डोळ्यातले कुसळ आणि डोळ्यावरची लेन्स

कंधार तालुक्यातून एका पालकांचे पत्र आले आहे. त्यांची मुलगी लातूरला 'नीट'च्या तयारीसाठी वसतिगृहात राहते. चष्म्याचा नंबर साडेचार, वर्षभरापासून कॉन्टॅक्ट लेन्स वापरते. एके रात्री अभ्यास करता करता लेन्स डोळ्यांत ठेवूनच झोप लागली. सकाळी उजवा डोळा लालभडक, उजेडाकडे पाहवेना, पाण्याच्या धारा. मैत्रिणीकडचे थेंब दोन दिवस घातले. तिसऱ्या दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे गेली तेव्हा बुबुळावर जखम होऊन तिच्यात जंतू शिरल्याचे कळले. उपचार सुरू होऊन तीन आठवडे झाले आहेत. पालक विचारतात, डोळा पूर्वीसारखा व्हायला किती दिवस लागतील? डोळ्यात फूल राहील का? पुन्हा लेन्स लावता येईल का? आणि परीक्षा तोंडावर आली आहे, आता दुखत नाही, तर औषध थोडे आधीच बंद केले तर चालेल का?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देतो. नाही. पहिल्या तीन प्रश्नांची नेमकी उत्तरे तिचा डोळा यंत्राखाली पाहणारे तज्ज्ञच देऊ शकतील. मी साधा एम.बी.बी.एस. डॉक्टर आहे, डोळ्यांचा तज्ज्ञ नव्हे. पण आपल्या भागात डोळा दुखला की माणूस आधी औषधाच्या दुकानात जातो, मग आमच्यासारख्यांकडे येतो आणि सगळ्यात शेवटी तज्ज्ञाकडे. त्यामुळे या दुखण्याची सुरुवात जेवढी आम्ही पाहतो तेवढी तज्ज्ञांनाही पाहायला मिळत नाही. माझे मत असे आहे की बुबुळाच्या जखमेत डोळा जातो तो बहुतेक वेळा जखमेमुळे नव्हे, तर पहिल्या दिवसाच्या दिरंगाईमुळे आणि नंतरच्या आठवड्यांतल्या घाईमुळे. जिथे घाई करायची तिथे आपण थांबतो, आणि जिथे धीर धरायचा तिथे घाई करतो.

आधी हे बुबुळ म्हणजे काय ते पाहू. डोळ्याच्या काळ्या भागावर घड्याळाच्या काचेसारखा एक पारदर्शक पडदा असतो. त्याला कॉर्निया म्हणतात. आडवा मोजला तर साडेअकरा मिलीमीटरच्या आसपास, मध्यभागी जाडी सुमारे अर्धा मिलीमीटर. पारदर्शक राहायचे म्हणून या पडद्यात रक्तवाहिनी एकही नाही. मग प्राणवायू येतो कुठून? तो अश्रूंच्या पातळ थरात विरघळून थेट हवेतून मिळतो. डोळे मिटून झोपलो की हा पुरवठा तसाच घटतो. त्यावर लेन्स ठेवून झोपणे म्हणजे खोलीची खिडकी बंद करून वर तोंडावर गोधडी ओढून घेण्यासारखे झाले. दुसरी गोष्ट अशी की मज्जातंतूंची टोके या पडद्यात फार दाटीने असतात. धुळीचा एक कण गेला तरी धडधाकट माणूस कासावीस होतो तो यामुळे. ही वेदना त्रासदायक असली तरी ती राखणदार आहे. तिला गप्प करण्याआधी ती का ओरडते आहे ते पाहावे.

या पडद्याचा वरचा थर अवघ्या पाच-सहा पेशींचा. तो खरवडला गेला तर भोवतालच्या पेशी सरकत येतात आणि उघडी जागा झाकून टाकतात. लहानसा ओरखडा एक ते तीन दिवसांत भरतो आणि मागे खूणही राहत नाही. पण जखम त्या थराच्या खाली उतरली, तिथे जंतूंनी किंवा बुरशीने घर केले, की त्याला व्रण म्हणतात. व्रण भरतो, पण भरताना पांढरा डाग ठेवून जातो. त्यालाच आपल्याकडे डोळ्यात फूल पडले असे म्हणतात. नाव सुंदर आहे, बाकी काही नाही. देशात २०१५ ते २०१९ या काळात अंधत्वाचे जे राष्ट्रीय सर्वेक्षण झाले, त्यात पन्नाशीच्या आतल्या लोकांच्या अंधत्वाचे पहिले कारण हेच बुबुळाचे फूल निघाले. मोतीबिंदू म्हातारपणी होतो आणि शस्त्रक्रियेने दृष्टी परत येते. फूल मात्र कमावत्या वयात पडते.

आता लेन्सकडे वळू. लेन्स वाईट आहे असे माझे म्हणणे नाही. मऊ लेन्सचा शोध ओटो विख्टरले या चेक शास्त्रज्ञाने लावला. १९६१ च्या नाताळात घरच्या टेबलावर, मुलाच्या खेळण्यातले सुटे भाग आणि सायकलचा डायनामो जोडून त्याने लेन्स ओतण्याचे यंत्र उभे केले होते. तेव्हापासून कोट्यवधी लोक ती सुखाने वापरत आले आहेत. पण लेन्स हे औषधासारखे प्रकरण आहे, टिकलीसारखे नव्हे. काढताना नख लागते, कड फाटलेली असते, दिवसभर पंख्याखाली बसून लेन्स कोरडी पडते आणि ओढून काढताना बुबुळाची साल निघते. आणखी एक फसवी गोष्ट आहे. लेन्स बुबुळावर पट्टीसारखी बसते. खाली ओरखडा असला तरी लेन्स असेपर्यंत खुपणे कमी वाटते, काढली की आग होते. मुलांना वाटते लेन्स काढल्यामुळे त्रास सुरू झाला, म्हणून ती पुन्हा लावतात. म्हणजे जखमेवर झाकण ठेवतात आणि आत जंतूंना ऊब मिळते.

जुलै २०२४ मध्ये अभिनेत्री जास्मिन भसीन हिची बातमी वर्तमानपत्रांत आली होती. दिल्लीतल्या एका कार्यक्रमासाठी तयार होताना लेन्स लावल्यावर तिचे डोळे दुखू लागले. दुखणे वाढत गेले, तरी काम कबूल केलेले म्हणून काळा चष्मा लावून तिने कार्यक्रम पार पाडला. शेवटी समोरचे दिसेना. रात्री डॉक्टरांना दाखवले तेव्हा बुबुळांना इजा झाल्याचे कळले. पुढचे उपचार मुंबईत झाले. चार-पाच दिवसांत बरे होईल असे डॉक्टर म्हणाल्याचे तिनेच पत्रकारांना सांगितले. दुखू लागल्यावर लेन्स डोळ्यात ठेवून काम उरकायचे, हे आपल्या मुलामुलींच्या बाबतीतही रोज घडते. त्यांचा कार्यक्रम नसतो, 'टेस्ट सिरीज' असते, एवढाच फरक. तिला त्याच रात्री तज्ज्ञ भेटले म्हणून गोष्ट दिवसांवर निभावली. कंधारच्या मुलीच्या बाबतीत दोन दिवस मधे गेले आणि हिशेब आठवड्यांवर आला.

लातूरच्या पाण्याबद्दल इथे बोललेच पाहिजे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले ते हे शहर. तेव्हापासूनच नव्हे, त्याच्याही आधीपासून इथल्या घरांना आणि वसतिगृहांना पाणी साठवायची सवय आहे. पिंप, हौद, गच्चीवरची टाकी, टँकर, बोअर. नांदेडला गोदावरी असली तरी उन्हाळ्यात बऱ्याच वस्त्यांत हीच तऱ्हा. साठवलेल्या पाण्यात अकॅन्थामिबा नावाचा सूक्ष्म जीव राहू शकतो. कवच धारण केले की तो साध्या क्लोरीनलाही दाद देत नाही. ते पाणी अंगावर घेतले तर काही बिघडत नाही. लेन्सला लागले आणि लेन्स बुबुळावर बसली, की या जीवाला आत शिरायला वाट मिळते. त्याचा व्रण बरा व्हायला महिने लागतात, आणि वेदना अशी की जखम दिसते त्यामानाने कितीतरी जास्त. म्हणून लेन्स पाण्याने धुवायची नाही, डबी पाण्याने विसळायची नाही, लेन्स लावून आंघोळ करायची नाही. आर.ओ.चे पाणीही नको, उकळलेलेही नको. बाटलीतले द्रावण आणि तेही रोज नवे. कालच्या द्रावणात आजचे चार थेंब भर घालून पैसे वाचवणारी मुले मी पाहिली आहेत. ओल्या डबीत स्यूडोमोनास नावाचा जिवाणू सुखाने वाढतो, आणि तो एकदा बुबुळात शिरला तर एक-दोन दिवसांत बुबुळ विरघळवून टाकण्याची त्याची ताकद आहे.

या अकॅन्थामिबाची एक गंमत सांगतो. तो आज लेन्सवाल्यांचा रोग म्हणून ओळखला जातो, पण ज्याच्या डोळ्यात तो पहिल्यांदा ओळखला गेला तो १९७३ सालचा टेक्सासमधला एक शेतकरी होता. डोळ्यात काडीकचरा गेल्याचे निमित्त झाले होते. भारतात तर आजही या जीवाचे बहुतेक रुग्ण लेन्स न वापरणारेच असतात. शेतातली इजा आणि गढूळ पाणी हेच कारण. बुरशीचेही तसेच. २००५-०६ मध्ये लेन्सच्या एका द्रावणाशी जोडलेली फ्युजेरियम बुरशीची साथ बऱ्याच देशांत आली. अमेरिकेत १६४ रुग्ण निश्चित झाले, आणि मे २००६ मध्ये ते द्रावण जगभरातून मागे घ्यावे लागले. हे फ्युजेरियम म्हणजे कोण? तुरीवर आणि हरभऱ्यावर मर रोग पडतो तो ज्या बुरशीने, तिचेच हे कूळ. मातीत, पिकाच्या अवशेषांत ती असतेच. म्हणजे शहरात शिकणाऱ्या मुलीच्या डोळ्यात लेन्सवाटे जे शिरते, तेच गावाकडे तिच्या आईच्या डोळ्यात तुराटीवाटे शिरते.

आणि खरे सांगायचे तर माझ्या दवाखान्यात लेन्सवाल्यांपेक्षा तुराटीवाले कितीतरी जास्त येतात. सोयाबीनची मळणी चालू असताना भुसकट उडते. तुरीची कापणी करताना वाकलेल्या बाईच्या डोळ्यात धसकट घुसते. ज्वारीची पात, उसाचे पाचट, बैलाच्या शेपटीचा फटका, मळणी यंत्रातून उडालेला दाणा. "डॉक्टरसाहेब, कुसळ गेलं होतं, ते निघालं, पण खुपायचं काय जाईना," हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे की पुढचे मीच म्हणून टाकतो. कुसळ निघाले तरी खुपते, कारण खुपतो तो कुसळाने पाडलेला ओरखडा. चार-सहा दिवस आईचे दूध, एरंडेल, मध असले काही घालून झालेले असते. गावात जिभेने कण काढून देणारी एखादी म्हातारी असते. तिच्या हेतूबद्दल मला आदर आहे, पण तोंडातले जंतू बुबुळावर जातात. पदरावर फुंकर मारून शेक देणे तेवढे निरुपद्रवी. त्याने डोळा बरा होत नाही, जिवाला बरे वाटते.

यापेक्षाही मोठा घात होतो तो औषधाच्या दुकानातून मिळणाऱ्या थेंबांनी. डोळा लाल आहे म्हटले की स्टिरॉइड मिसळलेले थेंब हातावर ठेवले जातात. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ते देता येत नाहीत असा कायदा आहे, पण कायदा कपाटात आणि बाटली गल्ल्यावर. या थेंबांची खुबी अशी की एका रात्रीत लाली उतरते आणि ठणका कमी होतो. माणूस म्हणतो, वा! आत मात्र त्या जागेची प्रतिकारशक्ती थंड पडते आणि बुरशीला रान मोकळे मिळते. आठ-दहा दिवसांनी बुबुळावर पांढरा ठिपका दिसू लागतो तेव्हा वेळ गेलेली असते. २०२३ च्या पावसाळ्यात राज्यभर डोळ्यांची साथ आली होती, तेव्हा असे थेंब घरोघर पोचले. त्या अर्धवट बाटल्या कित्येकांनी 'पुढे लागेल' म्हणून ठेवून दिल्या आहेत. कंधारच्या मुलीला मैत्रिणीने दिलेले थेंब कोणते होते ते पत्रात नाही. घरात अशी बाटली असेल तर आज फेकून द्या. डोळे येणे आणि बुबुळाची जखम यांत फरक ओळखायला फार शिक्षण लागत नाही. डोळे येतात तेव्हा बहुधा दोन्ही डोळे चिकटतात, पण नजर साफ असते. एकच डोळा लाल, उजेड नकोसा, टोचल्यासारखे सतत खुपणे आणि नजर धूसर, असे असेल तर ते बुबुळाचे दुखणे समजा. लेन्स वापरणाऱ्याने तर कोणतीही लाली साधी समजू नये.

पहिल्या दिवसाचे मोल किती, याचा एक पुरावा आपल्या शेजारच्या नेपाळातला आहे. काठमांडूजवळ भक्तपूर भागात डॉक्टरांनी गावोगावच्या साध्या आरोग्य कार्यकर्त्यांना डोळा तपासायला शिकवले. बुबुळावर ओरखडा दिसला तर क्लोरॅम्फेनिकॉलचे साधे मलम दिवसातून तीन वेळा, तीन दिवस. २००१ मध्ये त्यांनी निष्कर्ष छापले. असे ४४२ रुग्ण होते, त्यांपैकी ९६ टक्क्यांचा डोळा जंतू न होता बरा झाला. आणि ज्या २८४ जणांना इजा झाल्यापासून १८ तासांच्या आत मलम मिळाले, त्यांतल्या एकालाही व्रण झाला नाही. एकालाही नाही! यंत्र नाही, शस्त्रक्रिया नाही, काही रुपयांचे मलम. यात महत्त्वाचे मलम नव्हते, घड्याळ होते.

हा आकडा वाचल्यापासून मी १८ तासांचा हिशेब आपल्या जिल्ह्याला लावून पाहतो. माहूर किंवा किनवटच्या एखाद्या तांड्यावर संध्याकाळी डोळ्याला लागले, तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मलम पडायला हवे. नांदेड गाठणे त्या वेळेत सगळ्यांना जमत नाही, पण प्राथमिक आरोग्य केंद्र जमते. म्हणून माझे म्हणणे आमच्या व्यवसायबंधूंनाही आहे. फ्लुरोसिनची कागदी पट्टी आणि निळ्या उजेडाची बॅटरी एवढे प्रत्येक जनरल प्रॅक्टिशनरच्या खणात असलेच पाहिजे. पट्टी ओली करून पापणीला टेकवली आणि निळा उजेड टाकला की ओरखडा हिरवा चमकतो. दोन मिनिटांचे काम. त्याआधी प्रत्येक डोळा वेगळा झाकून किती दिसते ते पाहावे. ओरखडा दिसला तर स्टिरॉइड नसलेले जंतुनाशक द्यावे, दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहावे, आणि ठिपका पांढरा दिसला, नजर कमी झाली किंवा रुग्ण लेन्स वापरणारा असला तर त्याच दिवशी तज्ज्ञाकडे चिठ्ठी द्यावी. नांदेडला शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, लातूरला विलासराव देशमुख शासकीय संस्था आहे, उदगीरला लायन्सचे नेत्र रुग्णालय आहे. जाण्याइतके जवळ आहे.

दोन गोष्टी घरी अजिबात करू नयेत. एक, डोळ्यावर घट्ट पट्टी बांधणे. तज्ज्ञांना गरज वाटली तर ते बांधतील, पण लेन्सच्या किंवा काडीकचऱ्याच्या जखमेवर आपण बांधलेली पट्टी म्हणजे जंतूंना उबदार अंधारी खोली. दुसरी, बधिर करणारे थेंब मागून घेणे. कण काढण्यापुरते डॉक्टर ते घालतात. तेवढ्याने स्वर्ग मिळाल्यासारखे वाटते, म्हणून रुग्ण बाटली मागतो. रोज घातले तर जखम भरणेच थांबते.

आता बरे होण्याचा काळ. याविषयी कुणी नीट बोलत नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

साधा ओरखडा असेल तर तीन दिवस. जिवाणूंचा व्रण असेल तर साधारण दोन ते चार आठवडे. बुरशीचा असेल तर सहा आठवडे किंवा त्याहून जास्त. अकॅन्थामिबाचा असेल तर महिने मोजायचे. व्रणाच्या पहिल्या दोन दिवसांत बहुधा दर तासाला थेंब घालावे लागतात, रात्रीसुद्धा. हे लिहायला सोपे आहे. वसतिगृहात सोळा-सतरा वर्षांच्या मुलीला रात्री एक, दोन, तीन, चार वाजता उठवून थेंब कोण घालणार? खोलीतल्या मैत्रिणींनाही परीक्षा आहेच. अशा वेळी पालकांनी लातूरला जाऊन राहावे, नाहीतर मुलीला रुग्णालयात दाखल करावे, पण तिला एकटीवर सोडू नये. शेतमजूर बाईचेही तेच. रोजगार बुडतो म्हणून ती चौथ्या दिवशी खुरपे घेऊन जाते, धूळ पुन्हा त्याच डोळ्यात. तिला पंधरा दिवस घरी बसवणे हा उपचाराचाच भाग आहे, आणि तो घरच्या लोकांनी द्यायचा असतो. औषधाचे पैसे देणारा नवरा खूप पाहिले. रात्री गजर लावून उठणारा क्वचित पाहिला, पण पाहिला आहे. त्या बाईचा डोळा चांगला बरा झाला.

थेंब घालण्याची रीत लहान आहे, पण तिथेच फार चुका होतात. हात धुवावेत. बाटलीचे टोक पापणीला लागू देऊ नये. खालची पापणी ओढून एकच थेंब घालावा, दोन घातले तर एक गालावर येतो. दोन वेगळी औषधे असतील तर मधे पाच मिनिटे जाऊ द्यावीत, नाहीतर दुसरे पहिल्याला धुऊन टाकते. बुरशीवरचे नॅटामायसिन हे औषध तळाशी साका धरते, म्हणून दर वेळी बाटली हलवली पाहिजे. न हलवता वरचे पाणीच आठवडाभर घातले आणि 'औषध लागू पडत नाही' म्हणून डॉक्टर बदलला, असे होते. ही बाटली महाग पडते हे मला माहीत आहे. सरकारी रुग्णालयात आधी चौकशी करावी.

दुखणे थांबले म्हणजे जखम भरली असे नाही. ही या सगळ्या प्रकरणातली सर्वांत अवघड जागा आहे. वरचा थर मिटला की दुखणे थांबते, पण खाली जंतू जिवंत असू शकतात. म्हणूनच वर म्हटले, औषध आधी बंद करायचे नाही, आणि आपल्या मनाने वाढवायचेही नाही. कधी कधी व्रण आटोक्यात आल्यावर तज्ज्ञ स्वतःच मोजून स्टिरॉइड देतात. ते वाचून 'डॉक्टरांनी लिहिले ते वाईट नव्हते का?' असे म्हणून घाबरू नये. कधी द्यायचे हे त्यांना यंत्राखाली दिसते, गल्ल्यावरून दिसत नाही.

काहींना आणखी एक त्रास होतो. जखम भरून महिना-दोन महिने झालेले असतात आणि एखाद्या पहाटे डोळा उघडताच तीच जुनी कळ येते. नखाने किंवा पानाने झालेल्या ओरखड्यांत हे विशेष होते. नवा थर खालच्या थराला पक्का चिकटलेला नसतो, रात्री पापणीला धरून राहतो आणि उघडताना उचकटतो. त्यासाठी झोपताना वंगण देणारे मलम काही महिने घालायला सांगतात. लोक कंटाळून सोडतात. सोडू नये.

फुलाबद्दल थोडे आशेचे बोलतो. डाग मधोमध नसून कडेला असेल तर नजरेला फारसा धक्का लागत नाही. मधला डागही वर्षभरात बराचसा फिका होऊ शकतो, लहान वयात जास्त. बुबुळाचा पृष्ठभाग खडबडीत झाल्यामुळे दिसत नसेल, तर तज्ज्ञ एक कडक प्रकारची लेन्स बसवून नजर सुधारतात. जिच्यामुळे डोळा गेला तिच्याच बहिणीने तो परत आणावा, असा हा प्रकार. यातून भागले नाही तर नेत्ररोपण आहे. आपल्या भागातले लोक त्यासाठी रेल्वेने हैदराबादला जातात, तिथे १९८७ पासून एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्था हे काम मोठ्या प्रमाणावर करते. पण बुबुळ मिळते ते कुणीतरी मरणानंतर सहा तासांच्या आत दिले तर. त्यावर पुन्हा केव्हातरी लिहीन.

पुन्हा लेन्स लावता येईल का, हा प्रश्न राहिला. डोळा पूर्ण बरा होऊन, औषधे थांबून काही काळ गेल्यावर, तज्ज्ञ हो म्हणाले तर येईल. जुनी लेन्स, जुनी डबी, जुने द्रावण काही वापरायचे नाही. रात्री झोपताना लेन्स काढायची, यात 'आजच्या दिवस' नाही. माझे स्वतःचे मत विचाराल तर परीक्षेच्या वर्षात चष्माच बरा. रात्री बारा-बारा वाजेपर्यंत जागणाऱ्या, थकून पुस्तकावरच डोके टेकवणाऱ्या मुलीने लेन्स वापरू नये. पण मला माहीत आहे, लेन्स घेण्यामागे अभ्यास नसतोच बहुधा. 'मुलीला चष्मा आहे' हे वाक्य आपल्याकडे मुलगी पाहायला आलेल्या घरात अजून कुजबुजले जाते. दहावीतच आई म्हणते, लेन्सची सवय लागू दे. लग्नसराईत नवरीच्या डोळ्यांत रंगीत लेन्स घालतात, तीही नंबर न तपासता, कधी दुसरीने वापरलेली. चष्मा लावणाऱ्या जावयाला कुणी नाकारलेले मी ऐकले नाही. अर्ध्या मिलीमीटरच्या पडद्यावर हा सगळा भार मुलींनीच का घ्यायचा?

एक उपयोगाची गोष्ट सांगायची राहिली. लेन्स वापरणाऱ्याचा डोळा लाल झाला की लेन्स ताबडतोब काढावी, पण फेकू नये. लेन्स, तिची डबी आणि द्रावणाची बाटली, जशी असेल तशी, न धुता, पिशवीत घालून तज्ज्ञाकडे न्यावी. बुबुळातून नमुना घेऊन जंतू सापडला नाही तर कधी कधी तो त्या डबीत सापडतो, आणि कोणते औषध द्यायचे ते ठरते. सोबत आधी घातलेल्या सगळ्या थेंबांच्या बाटल्याही न्याव्यात. मैत्रिणीने दिलेली असली तरी.